उल्का, घड्याळ आणि कॅमेरा

निरभ्र रात्रीं आकाशांतून एखादी तेजोरेषा क्षणांत सरकून नाहींशी झाली कीं "तारा तुटला" असें म्हणण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. तारा तुटत नाहीं, हें आतां प्राथमिक शाळेंतील मुलेंही जाणतात. सूर्याभोंवतीं फिरणारे धूलिकण, बहुधा वाळूच्या कणाएवढे किंवा त्याहून थोडे मोठे, सेकंदास ११ पासून ७२ किलोमीटरपर्यंतच्या वेगानें पृथ्वीच्या वातावरणांत शिरतात, आणि जमिनीपासून सुमारें १२० ते ८० किलोमीटर उंचीवर तापून व जळून प्रकाशमान होतात. त्या प्रकाशास आपण उल्का म्हणतों. इतकी माहिती पाठ्यपुस्तकांत आहेच; ती पुन्हां सांगण्याकरितां हा लेख लिहिलेला नाहीं.

आमचा हेतु निराळा आहे. ठाणें, डोंबिवली, कल्याण या भागांतून शाळेंत येणाऱ्या कित्येक विद्यार्थ्यांच्या घरीं आज चांगला कॅमेरा आहे; निदान बरा कॅमेरा असलेला मोबाइल तरी आहेच. उल्कावर्षावाची बातमी वर्तमानपत्रांत आली कीं तो घेऊन मुलें गच्चीवर जातात, आणि दुसऱ्या दिवशीं पालक आम्हांस विचारतात, "सर, याहून भारी कॅमेरा घेऊन द्यावा काय?" यावर आमचें उत्तर असें कीं, आधीं घरांतील घड्याळ नीट लावा, कॅमेऱ्याचें मग पाहूं. हें उत्तर पुष्कळांस थट्टेचें वाटतें. तें तसें नाहीं, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखांत प्रयत्न आहे.

मागें एका हिवाळ्यांत आमच्या दोन विद्यार्थ्यांनीं एकाच रात्रीं पाहिलेल्या तेजस्वी उल्केची हकीकत आम्हांस येऊन सांगितली. एक राहणारा नौपाड्यांतला, दुसरी डोंबिवलीची. मुलानें ती माथ्याच्या किंचित् पूर्वेस पाहिली होती, मुलीनें अगदीं माथ्यावर. हीं दोन दर्शनें एकाच उल्केचीं असतीं, तर त्यांवरून तिची उंची काढतां आली असती. पण मुलानें वेळ लिहिली होती ९ वाजून १० मिनिटें, मुलीनें ९ वाजून १४ मिनिटें. आणि दोघांचीं घड्याळें एकमेकांशीं कितपत जुळतात हें कोणासच ठाऊक नव्हतें. उल्का एक कीं दोन, याचा निर्णय अखेरपर्यंत लागला नाहीं. दोघांनींही जें पाहिलें तें खरें होतें, प्रामाणिकपणें लिहिलेलें होतें, आणि तरीही तें कोणत्याच गणिताच्या उपयोगास आलें नाहीं. मुलीस याचें फार वाईट वाटलें. कारण तिनें तारकांमधील उल्केची वाट फारच काळजीपूर्वक रेखाटली होती.

दोन ठिकाणांहून एकाच वेळीं पाहून उल्केची उंची काढण्याची ही युक्ति प्रथम ज्यांनीं नेटानें अमलांत आणली, तेही विद्यार्थीच होते. जर्मनींतील ग्योटिंगेन विश्वविद्यालयांत शिकणारे ब्रांडेस व बेंझेनबर्ग हे दोन तरुण १७९८ सालीं एकमेकांपासून प्रथम सुमारें नऊ व पुढें सुमारें पंधरा किलोमीटर अंतरावर उभे राहून, रात्रीमागून रात्र, उल्कांच्या वाटा नकाशावर काढीत व वेळा लिहीत राहिले. त्यांनीं सुमारें चारशें उल्का नोंदविल्या. त्यांपैकीं दोघांसही दिसलेल्या म्हणून निश्चित ठरल्या त्या अवघ्या बावीस. पण त्या बाविसांनीं काम केलें. उल्का म्हणजे हवेंतलाच, जमिनीजवळचा कांहीं प्रकार असावा असें मानणारे त्या काळीं पुष्कळ होते. या दोघांच्या गणितानें त्या शंभर किलोमीटरच्या सुमारास, म्हणजे ढगांच्या कितीतरी वर, चमकतात हें दाखवून दिलें. ठाणें व कल्याण यांमधील सरळ अंतर सुमारें सतरा किलोमीटर आहे. त्या दोघां तरुणांस जेवढें अंतर साधलें, त्याहून अधिक आपल्या मुलांस लोकलच्या पासावर साधतें.

यांतील भूमिति सोपी आहे. नाकासमोर बोट धरून एकदां डावा व एकदां उजवा डोळा मिटला, तर बोट मागच्या भिंतीवर जागा बदलतें असें दिसतें. ठाणें हा एक डोळा व कल्याण हा दुसरा समजा. तारका ही मागची भिंत. कल्याणच्या बरोबर माथ्यावर शंभर किलोमीटर उंचीवर असलेली उल्का ठाण्याहून माथ्यापासून जवळजवळ दहा अंश ढळलेली दिसेल. हात लांब करून मूठ वळली असतां तिची रुंदी साधारण दहा अंश भरते. म्हणजे हा फरक साध्या डोळ्यांसही सहज कळण्याजोगा आहे. दहावींतील त्रिकोणमिति ज्यास येते त्यास पुढचें गणित एका पानांत करतां येईल. अडचण गणिताची नाहीं. दोघांनीं पाहिली ती उल्का एकच होती, ही खात्री कशी करावयाची, ही खरी अडचण. आणि ती खात्री घड्याळावांचून दुसरें कांहींच देऊं शकत नाहीं.

मोठ्या वर्षावांत अंधाऱ्या ठिकाणीं तासास पन्नास-साठ उल्का दिसतात, म्हणजे मिनिटास जवळजवळ एक. दोन निरीक्षकांच्या घड्याळांत एका मिनिटाची तफावत असली कीं एकाची तिसरी उल्का ती दुसऱ्याची तिसरी कीं चौथी, हें सांगतां येत नाहीं. शिवाय आकाश स्थिर नसतें. चार मिनिटांत तें एक अंश फिरतें. तारकांच्या संदर्भानें उल्केची जागा बिनचूक लिहिली, पण वेळ चार मिनिटांनीं चुकली, तर गणितांत तिची दिशा एक अंशापर्यंत चुकते. आणि शंभर किलोमीटर अंतरावर एक अंश म्हणजे पावणेदोन किलोमीटर होतात.

आतां वेळ कोणती लिहावी? भारतीय प्रमाणवेळ लिहावी, आणि ती तीच आहे असें वहीच्या माथ्यावर स्पष्ट नमूद करावें. ही सूचना कोणास अनावश्यक वाटेल. परंतु आपल्याच भागाचा इतिहास पाहा. भारतीय प्रमाणवेळ १९०६ सालीं अमलांत आली, तरी मुंबई शहरानें ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटें पुढें असलेली आपली जुनी 'मुंबई वेळ' १९५५ सालापर्यंत सोडली नाहीं. दोहोंत एकोणचाळीस मिनिटांचा फरक. त्यामुळें त्या काळच्या एखाद्या कागदांत आकाशांतील घटनेची वेळ सांपडली, तर ती दोहोंपैकीं कोणती, हें आधीं शोधावें लागतें. परदेशांतील मंडळांकडे नोंदी पाठवावयाच्या असल्यास जागतिक वेळ लागते. ती आपल्या वेळेंतून साडेपांच तास वजा केले कीं मिळते. तारीख बदलते तेथें सावध राहावें. पहाटे साडेतीन वाजतां पाहिलेली उल्का जागतिक वेळेनें आदल्या दिवशींच्या रात्रीं दहा वाजतांची ठरते.

ही प्रमाणवेळ नवी दिल्ली येथील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा आण्विक घड्याळांच्या साह्यानें राखते. आपणां सामान्यांस ती मिळण्याचें सर्वांत सोपें साधन म्हणजे मोबाइल. त्याचें घड्याळ आपोआप लागण्याच्या रीतीवर ठेवलें व त्यास जाळें मिळत असलें, तर तें सामान्यतः आपल्या कामापुरतें बरोबर असतें. पण मुरबाडच्या पलीकडे किंवा एखाद्या डोंगराच्या आड जाळें नाहींसें झालें कीं तेंही आपल्या मनानें चालूं लागतें. म्हणून निघण्यापूर्वीं व परत आल्यावर त्याची चूक किती हें तपासावें. दूरचित्रवाणीच्या पडद्यावरील घड्याळावर मात्र मुळींच विसंबूं नये. उपग्रहांतून व केबलमधून चित्र घरीं पोचेपर्यंत कांहीं सेकंद जातात, आणि इंटरनेटवरून ऐकूं येणारा रेडिओ तर त्याहूनही रेंगाळतो. जी. पी. एस. यंत्राविषयीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. त्या उपग्रहांचा स्वतःचा काल २०१७ पासून जागतिक वेळेच्या अठरा सेकंद पुढें आहे. चांगलीं यंत्रें हे अठरा सेकंद वजा करून वेळ दाखवितात. पण नुकतेंच चालू केलेलें यंत्र तसें करीलच असें नाहीं, म्हणून त्यास पाव तास उघड्या आकाशाखालीं ठेवून मग तें वापरावें.

वेळ लिहिण्याची आम्हांस सर्वांत पसंत पडलेली रीत कागद-पेन्सिलीची नाहीं. अंधारांत वहीकडे पाहिलें कीं डोळा आकाशावरून हलतो, आणि तेवढ्यांत पुढची उल्का जाते. त्याऐवजीं मोबाइलवर आवाज मुद्रित करण्याची सोय चालू करून तो उशाशीं ठेवावा. आरंभीं बरोबर लावलेल्या दुसऱ्या घड्याळाकडे पाहून मोठ्यानें म्हणावें, "अकरा वाजून शून्य मिनिटें, शून्य सेकंद - आतां!" त्यानंतर उल्का दिसतांच फक्त "आली!" म्हणावें व मग सावकाश तिचें तेज, दिशा, रंग सांगावें. रात्र संपतांना पुन्हां एकदां वेळ उच्चारावी. सकाळीं तें ध्वनिमुद्रण ऐकून प्रत्येक "आली" किती सेकंदांवर आली हें मोजतां येतें, आणि शेवटच्या उच्चारावरून यंत्र मागें-पुढें गेलें असल्यास तेंही उमगतें. दिसण्यापासून बोलण्यापर्यंत अर्धा-एक सेकंद जातोच. तो प्रत्येकाचा ठरावीक असतो, म्हणून फारसा त्रास देत नाहीं.

उल्का किती वेळ टिकली, हें सांगतांना मात्र नवीन निरीक्षक हमखास फसतात. "पांच सेकंद होती, सर!" असें जिच्याविषयीं सांगण्यांत येतें, ती बहुधा एक सेकंदही नसते. यावर उपाय प्रयोगशाळेंतच आहे. ९९ सेंटिमीटर लांबीच्या दोऱ्यास लहानसा जड गोळा बांधून झोका द्या. एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत जाण्यास त्यास बरोबर एक सेकंद लागतो. (दोऱ्याची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजावी.) आठवडाभर रोज पांच मिनिटें त्याच्या तालावर "एक हजार एक, एक हजार दोन" असें म्हणण्याची संवय केली, कीं अर्धा सेकंद व एक सेकंद यांतील भेद कानांत बसतो.

रात्र कोणती निवडावी, हाही वेळेचाच प्रश्न होय. ऑगस्टच्या १२-१३ तारखेच्या सुमारास ययाति तारकासमूहांतून होणारा वर्षाव युरोपांत फार प्रसिद्ध आहे. पण त्या दिवसांत ठाण्यास आकाशच दिसत नाहीं, म्हणून त्याच्या बातम्या वाचून मुलांनीं हुरळून जाऊं नये. आपल्याकरितां खरा वर्षाव डिसेंबरच्या १३-१४ तारखेचा, मिथुन राशींतील. त्याचा उद्गमबिंदु आपल्या येथें रात्रीं आठाच्या सुमारास उगवतो व अडीचच्या सुमारास माथ्याजवळ येतो. हवा कोरडी व आकाश स्वच्छ असतें. आणि त्याच्या उल्का सेकंदास ३५ किलोमीटर अशा बेताच्या वेगानें येत असल्यामुळें छायाचित्रांतही बऱ्या उमटतात. या उल्का १९८३ सालीं सांपडलेल्या फेथॉन नांवाच्या लघुग्रहाच्या धुळीच्या आहेत. चंद्राचें काय, हें घरांतील कॅलेंडरच सांगेल. शुक्ल अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, तेव्हां उत्तररात्र आपली. कृष्ण अष्टमीचा मध्यरात्रीस उगवतो, तेव्हां पूर्वरात्र आपली. पौर्णिमा जवळ असल्यास खुशाल झोंपावें.

नोव्हेंबरांत सिंह राशींतून येणाऱ्या वर्षावानें तर वेळेचा धडा साऱ्या जगास दिला आहे. १९९८ सालीं १७ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीनंतर, म्हणजे १८ च्या पहाटे, तो ऐन भरास येईल असें भाकीत होतें. प्रत्यक्षांत मोठमोठ्या अग्निगोलांची गर्दी त्याच्या सुमारें सोळा तास आधीं उसळली. ज्यांनीं एक दिवस आधींच पहाटे उठण्याचे कष्ट घेतले, त्यांस ती दिसली. ती धूळ १३३३ सालीं धूमकेतूपासून सुटलेली होती, हें पुढें गणितानें उलगडलें. पुढच्या, १९९९ सालीं, ॲशर व मॅकनॉट या ज्योतिर्विदांनीं वर्षावाचा कळस जागतिक वेळेनें १८ नोव्हेंबरला २ वाजून ८ मिनिटांनीं होईल असें सांगितलें, आणि तो कांहीं मिनिटांच्याच फरकानें तसा झाला. युरोपांत व पश्चिम आशियांत लोकांनीं आकाशांतून उल्कांचा पाऊस पाहिला. त्या वेळीं आपल्याकडे सकाळचे साडेसात वाजून गेले होते व ऊन पडलें होतें.

आतां कॅमेरा. उल्केचें पहिलें छायाचित्र २७ नोव्हेंबर १८८५ रोजीं प्राग येथें वाइनेक यांनीं घेतलें. त्या वेळीं कांचेच्या पट्ट्या होत्या. आज विजेवर चालणारीं संवेदकें आहेत. पण मूळची अडचण तीच राहिली आहे. तारका एका जागीं कित्येक सेकंद थांबते व तिचा प्रकाश सांचत जातो. उल्का थांबत नाहीं. २४ मिलिमीटरच्या भिंगामागें, आकाशांत सेकंदास वीस अंश धांवणाऱ्या उल्केची प्रतिमा संवेदकाच्या एका कणावर सेकंदाच्या सुमारें चौदाशेंव्या भागापुरतीच टेकते. मग शटर दहा सेकंद उघडें ठेवा कीं तीस सेकंद. उल्केला मिळावयाचा प्रकाश तेवढाच. वाढतो तो फक्त रस्त्यांवरील दिव्यांचा उजेड! भिवंडी, ठाणें व डोंबिवली यांच्या झगमगाटाखालीं तीस सेकंदांचें छायाचित्र घेणाऱ्या मुलाच्या हातीं नारिंगी रंगाचा एक चौकोन येतो, त्याचें कारण हेंच.

म्हणून शहरांत शटर चार ते आठ सेकंद, आणि वांगणी-मुरबाडकडच्या अंधारांत पंधरा ते पंचवीस सेकंद पुरे. भिंग रुंद तोंडाचें व रुंद दृष्टीचें असावें. कॅमेऱ्याबरोबर मिळणारें १८ ते ५५ चें भिंग १८ वर ठेवलें असतां तें ६६ अंश लांब व ४७ अंश रुंद एवढें आकाश पाहतें. तें पुष्कळ झालें. त्याचें छिद्र ३.५ पर्यंतच उघडतें, ही त्याची उणीव. १.८ पर्यंत उघडणारें भिंग संवेदकाच्या तेवढ्याच जागेवर जवळजवळ पावणेचौपट प्रकाश टाकतें. पालकांस खर्च करावयाचाच असेल, तर तो नव्या कॅमेऱ्यावर न करितां भिंगावर व एका मजबूत तिवईवर करावा. जुना, दुसऱ्याच्या हातचा कॅमेराही या कामास चालतो. आय. एस. ओ. १६०० ते ३२०० ठेवावा. मोबाइलमधील रात्रीची स्वयंचलित सोय अनेक चित्रें एकत्र करून गुळगुळीत करते, आणि त्या भरांत एकाच चित्रांत आलेली उल्का पुसून टाकण्याचा संभव असतो. म्हणून तेथें हातानें मांडणी करण्याचा प्रकार निवडावा.

बारीकसारीक गोष्टींनींच रात्री फुकट जातात. अंतरबिंदु तेजस्वी तारकेवर, पडद्यावर ती मोठी करून जुळवावा आणि भिंगाच्या कड्यास चिकटपट्टी लावून टाकावी. 'लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन' नांवाची सोय बंद करावी, कारण ती चालू असली कीं प्रत्येक छायाचित्रानंतर कॅमेरा तितकाच वेळ डोळे मिटून बसतो व अर्धी रात्र वायां जाते. उल्हास नदीच्या खोऱ्यांत पहाटे दंव पडतें. भिंगाभोंवतीं लोकरीची पट्टी गुंडाळावी व अर्ध्या तासानें बॅटरीच्या मंद तांबड्या उजेडांत कांच पाहावी.

आणि आतां घड्याळ व कॅमेरा यांची गांठ पडते. दहा सेकंद उघड्या असलेल्या शटरनें टिपलेली उल्का त्या दहांपैकीं कोणत्या सेकंदास आली, हें छायाचित्र कधींच सांगत नाहीं. तें सांगणार तिवईजवळ निजून आकाशाकडे पाहणारा, "आली!" म्हणणारा मुलगा वा मुलगी. कॅमेरा जागा देतो, माणूस वेळ देतो. शिवाय कॅमेऱ्याचें स्वतःचें घड्याळ मोबाइलप्रमाणें आपोआप लागत नाहीं. महिन्याभरांत तें अर्धा-एक मिनिट सहज भटकतें. त्यावर सोपी युक्ति अशी कीं रात्रीच्या आरंभीं व शेवटीं, सेकंद दाखविणाऱ्या बरोबर घड्याळाचेंच एक छायाचित्र घ्यावें. चित्रांत दिसणारी वेळ व कॅमेऱ्यानें नोंदलेली वेळ यांतील फरक म्हणजे त्या रात्रीची दुरुस्ती. घड्याळ सुधारीत बसण्यापेक्षां चूक मोजून ठेवणें अधिक शहाणपणाचें.

वेग मोजावयाचा असल्यास भिंगासमोर फिरतें शटर बसवितात. अमेरिकेंतील येल येथें एल्किन यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याकरितां सायकलचें चाक वापरलें, हें आमच्या सायकलवीरांस आवडेल. चाकावरील पडदे ठरावीक वेळानें प्रकाश अडवितात व उल्केची रेषा तुटक उमटते. सेकंदास दहा वेळां प्रकाश अडत असेल आणि रेषेचे सात तुकडे दिसत असतील, तर ती उल्का सुमारें पाऊण सेकंद टिकली. हार्वर्ड येथील व्हिपल यांनीं १९३६ पासून दोन ठिकाणीं असे कॅमेरे मांडून उल्कांचे वेग व सूर्याभोंवतींच्या कक्षा काढल्या. हल्लीं हेंच काम व्हिडिओ कॅमेरे करतात. सेकंदास पंचवीस चित्रें घेतलीं कीं वेळ सेकंदाच्या पंचविसाव्या भागापर्यंत कळते. 'ग्लोबल मीटिअर नेटवर्क' या जगभरच्या संघटनेंतील हौशी लोक मंद प्रकाशांत पाहणारा छोटा कॅमेरा व रास्पबेरी पाय नांवाचा हाताएवढा संगणक छपरावर बसवितात, आणि त्याचें घड्याळ इंटरनेटवरून सतत जुळत राहतें. वरच्या वर्गांतील ज्यांस संगणकाची गोडी आहे, त्यांनीं इकडे अवश्य लक्ष घालावें.

दोन तिवया कोठें व कशा लावाव्यात? ठाणें व मुरबाड यांमध्यें सरळ अंतर सुमारें ४४ किलोमीटर आहे. तें कल्याणपेक्षां अधिक सोयीचें. दोहोंच्या मध्यावर शंभर किलोमीटर उंचीवरील आकाशाचा तोच तुकडा दोन्ही कॅमेऱ्यांत यावयास हवा. त्याकरितां ठाण्याचा कॅमेरा माथ्यापासून सुमारें बारा अंश पूर्वेकडे व मुरबाडचा तितकाच पश्चिमेकडे कलवावा. यांत एक आनुषंगिक लाभ असा कीं शहरांत माथ्यावरचेंच आकाश सर्वांत कमी धुरकट असतें, त्यामुळें ठाण्याची गच्चीही कामास येते. कॅमेरा उद्गमबिंदूवर रोखूं नये. तेथें उल्का आखूड दिसतात. चाळीसएक अंश बाजूस त्यांच्या रेषा लांब येतात.

ज्यांजवळ यांपैकीं कांहींच नाहीं, त्यांसही एक काम आहे, आणि आमच्या मतें तें सर्वांत मोलाचें. डोंबिवली-कल्याणच्या बहुतेक गृहसंस्थांच्या फाटकांवर सीसीटीव्ही कॅमेरे रात्रंदिवस चालू असतात. रशियांत चेल्याबिन्स्कवर १५ फेब्रुवारी २०१३ रोजीं महाअग्निगोल फुटला, तेव्हां त्याचा मार्ग अशाच रस्त्यावरच्या व मोटारींतल्या कॅमेऱ्यांवरून, खांबांच्या सांवल्या मोजूनही, काढण्यांत आला. आपल्या संस्थेच्या कॅमेऱ्याचें घड्याळ किती मिनिटें चुकतें, हें चिटणिसांच्या परवानगीनें महिन्यांतून एकदां लिहून ठेवावें. उद्यां अशी घटना येथें घडली, तर ती चिठ्ठी एखाद्या महागड्या दुर्बिणीपेक्षां अधिक उपयोगी पडेल.

अशा घटना दूरदेशींच घडतात असें नाहीं. २२ मे २०१२ रोजीं नागपूर जिल्ह्यांतील काटोल परिसरांत भर दुपारीं मोठा आवाज होऊन अशनींचे तुकडे पडले. २ एप्रिल २०२२ रोजीं, गुढीपाडव्याच्या संध्याकाळीं पावणेआठच्या सुमारास, विदर्भ व खानदेशांतील हजारों लोकांनीं आकाशांतून ज्वलंत गोळ्यांची रांग सरकतांना पाहिली. पुष्कळांनीं ती उल्काच म्हणून सांगितली. पण ती सावकाश, बराच वेळ चालली होती. पृथ्वीभोंवतीं फिरून खालीं येणाऱ्या वस्तूचा वेग सेकंदास आठ किलोमीटरांच्या आंतच असतो, उल्केचा अकरापेक्षां कमी नसतो, तेव्हां "किती सेकंद दिसली?" एवढ्या एकाच प्रश्नाच्या खऱ्या उत्तरानें दोहोंतला भेद कळतो. ते गोळे चिनी लाँग मार्च अग्निबाणाच्या अवशेषांचे असल्याचें पुढें ठरलें. चंद्रपूर जिल्ह्यांत सिंदेवाही तालुक्यांतील लाडबोरी गांवीं त्याचें भलेंमोठें धातूचें कडें येऊन पडलें होतें.

पालकांकरितां दोन शब्द. ठाण्याच्या मुलांस येऊरचें रान जवळ वाटतें. पण तेथें बिबटे आहेत व वनखात्याचे नियम आहेत. रात्रीं तेथें कोणीही जाऊं नये. बदलापूरच्या पुढचें वांगणी हें ठिकाण याहून बरें. मुंबईचें खगोल मंडळ तेथें रात्रभर आकाशदर्शनाचे कार्यक्रम घेत आलें आहे, आणि कल्याणांत आकाश मित्र मंडळ आहे. अशा जाणत्या मंडळींसह, वडील माणूस बरोबर घेऊन जावें, व पहाटेच्या लोकलनें परतावें. अंगावर पांघरूण हवें, जमिनीवर ताडपत्री हवी. मोबाइलचा पांढरा पडदा तांबड्या कागदानें झांकावा. अंधारास सरावलेले डोळे एकदां दिपले कीं पुन्हां सरावण्यास वीस-तीस मिनिटें जातात.

नोंदीचे कोरे तक्ते आम्हीं तयार करून विज्ञानशाळेंतील दाराजवळच्या कपाटांत ठेविले आहेत. पहिल्या रकान्यांत घड्याळाची दुरुस्ती, दुसऱ्यांत वेळ सेकंदांसह, मग जागा, तेज, टिकलेला काळ. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यांत ज्याचे त्यानें ते न्यावेत. ठाण्याच्या बाजूचे कोण व मुरबाडच्या बाजूचे कोण, हें त्याच आठवड्यांत, शनिवारीं शाळा सुटल्यावर ठरवूं.